वर्षाची बेगमी : ज्येष्ठ नागरिक संघाचे कार्यक्रम कसे आखावेत

महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत आणि पुष्कळशा तालुक्याच्या गावांत आज ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. कुठे ते नगरपालिकेने बांधून दिलेल्या विरंगुळा केंद्रात भरतात, कुठे देवळाच्या सभामंडपात, कुठे सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये. साठी ओलांडलेली शंभर-सव्वाशे माणसे माफक वर्गणी भरून सभासद होतात आणि आठवड्यातून एकदा, बहुधा संध्याकाळी, दोन तास एकत्र येतात. प्रार्थना, त्या आठवड्यातले वाढदिवस, मुख्य कार्यक्रम, आभार, चहा आणि शेवटी पसायदान असा साधारण क्रम असतो. यातले बाकी सगळे अंगवळणी पडलेले असते. मुख्य कार्यक्रम मात्र दर आठवड्याला नवा लागतो आणि वर्षाला असे बावन्न आठवडे येतात.

आखणी नसली की कार्यवाह दर गुरुवारी फोन घेऊन बसतात आणि जो वक्ता मोकळा सापडेल तो शनिवारी येतो. मग ओळीने तीन आठवडे मधुमेह, गुडघेदुखी आणि मोतीबिंदू असे विषय होतात आणि चौथ्या आठवड्यात निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतात. एकाच प्रकारच्या कार्यक्रमाचा साठा किती लवकर संपतो, याचे उदाहरण हास्यक्लबाच्या इतिहासातच आहे. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत अंधेरीच्या एका बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला रोज विनोद सांगितले जात. दोन आठवड्यांतच सांगण्याजोगे विनोद संपले. तेव्हा विनोदाशिवाय हसण्याचे, श्वासाचे आणि टाळ्यांचे व्यायाम आले आणि ते पुढे जगभर पसरले. सांगणारे थोडे आणि ऐकणारे सगळे, ही रचना फार दिवस टिकत नाही. जिथे प्रत्येकाला काही करायला मिळते, तीच टिकते.

संघाचा वार्षिक कार्यक्रम आखताना हेच धोरण धरावे लागते. वर्षाच्या तक्त्यात प्रत्येक सभासदाला बसायला खुर्ची हवी आणि करायला एखादे कामही हवे. उन्हाळ्यात घरोघरी पापड, कुरडया, मसाल्याची बेगमी होते. त्याच सुमारास, एप्रिल उजाडण्यापूर्वी, संघानेही वर्षाची बेगमी करून ठेवावी.

आधी सभासद, मग कार्यक्रम

आखणीची सुरुवात सभासदांच्या नोंदीपासून होते. "तुम्हाला काय आवडेल?" असे विचारले, तर दहापैकी नऊ जण "काहीही चालेल" म्हणतात. म्हणून एक पानी अर्जात नेमके प्रश्न असावेत. काय काय येते? कोणते काम करून निवृत्त झालात? किती पायऱ्या चढवतात? ऐकायला कमी येते का? संध्याकाळी किती वाजेपर्यंत थांबता येते? नातवंडाला शाळेतून कधी आणायचे असते? अडचणीच्या वेळी कोणाला फोन करायचा?

हा अर्ज घरी देऊन परत मागवण्यापेक्षा शेजारी बसून भरून घेतलेला बरा. एखाद्या आजींच्या अर्जात "काही येत नाही" असे लिहिलेले असते आणि बोलता बोलता कळते, की त्यांना जात्यावरच्या वीस-पंचवीस ओव्या पाठ आहेत. कोणी आयुष्यभर एसटी चालवलेली असते आणि त्याला घाटाघाटांची माहिती असते. कोणी तलाठी कार्यालयात नोकरी केलेली असते आणि सातबारा कसा वाचायचा हे तो अर्ध्या तासात समजावून देऊ शकतो. शंभर अर्ज भरून झाले की वर्षभराचे निदान पंधरा कार्यक्रम संघातल्या संघातच सापडतात आणि तेही मानधनाविना.

याच अर्जांतून अडचणीही कळतात. वीस जणांना जिना चढवत नसेल, तर पहिल्या मजल्यावरचे सभागृह कितीही स्वस्त असले तरी ते सोडावे लागते. दहा जणांना कमी ऐकू येत असेल, तर बरा माइक ही चैन राहत नाही आणि पुढची रांग त्यांच्यासाठी ठेवावी लागते.

हलणाऱ्या आणि न हलणाऱ्या तारखा

कोऱ्या तक्त्यावर प्रथम न हलणाऱ्या तारखा भराव्यात. त्यात पहिला मान कायद्याच्या कामांचा. नोंदणीकृत संघ सहसा संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली येतात. ३१ मार्चला हिशेब बंद होतो. मग लेखापरीक्षण, वार्षिक सर्वसाधारण सभा आणि गरजेनुसार निवडणूक. कार्यकारिणी बदलली, तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. ही कामे तक्त्यात आधीच लिहिलेली नसतील, तर ती हमखास एखाद्या सहलीच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या तोंडावर येतात.

मग येतात ठरलेले दिवस. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९० मध्ये १ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन म्हणून घोषित केला. तो संघाचा हक्काचा दिवस. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन, ११ एप्रिलला महात्मा फुले आणि १४ एप्रिलला डॉ. आंबेडकर जयंती, २१ जूनला योगदिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन. हे सगळे दिवस साजरे करायला गेले तर वर्ष जयंत्यांतच संपेल. त्यांतले सहा-सात निवडावेत आणि दरवर्षी आलटून पालटून घ्यावेत.

सणांच्या तारखा मात्र हलतात. चांद्र महिन्यांचे वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून सण दरवर्षी मागे सरकतात आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जातात. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला; २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला येते. मागच्या वर्षीचा तक्ता तसाच उतरवून काढला, तर भर गणपतीत व्याख्यान ठेवण्याची पाळी येते. त्यामुळे नव्या वर्षाचे पंचांग किंवा कालनिर्णय समोर उघडे ठेवूनच तक्ता भरावा.

चार शनिवारांचे चक्र

विविधता आपोआप येत नाही. तिला साचा लागतो. सर्वांत सोपा साचा महिन्याच्या चार शनिवारांचा. पहिला शनिवार ऐकण्याचा : साहित्य, इतिहास, विज्ञान, प्रवास यांवरचे व्याख्यान किंवा गाण्याची मैफल. दुसरा व्यवहाराचा : आरोग्य, कायदा, बँक, मोबाइल. तिसरा सभासदांचा : त्या दिवशी बाहेरचा पाहुणा नाही, अभिवाचन, कथाकथन, पुस्तक भिशी, स्वयंपाकातल्या जुन्या पदार्थांचे प्रात्यक्षिक. चौथा खेळाचा : महिन्याचे वाढदिवस, अंताक्षरी, कॅरम, हौजी. वर्षातून चार-पाचदा पाचवा शनिवार येतो. तो बाहेर पडण्यासाठी राखून ठेवावा. आपल्या आवडीचा शनिवार कोणता हे सभासदाला दोन महिन्यांत पाठ होते आणि निवडीचे ओझे कार्यवाहांच्या डोक्यावरून उतरते.

यातला व्यवहाराचा शनिवार वरवर रुक्ष वाटतो, पण तोच अनेकांना संकटातून वाचवतो. पोलीस असल्याची बतावणी करून, व्हिडिओ कॉलवर "डिजिटल अरेस्ट" केल्याचे सांगून वृद्धांची आयुष्यभराची पुंजी लुटली जाते. कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही, आणि फसवणूक झाल्यास लगेच १९३० या क्रमांकावर कळवायचे असते, ही दोन वाक्ये वर्षातून तीनदा सांगितली तरी जास्त नाहीत. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि त्याची नोंदणी सक्तीची नाही, हे अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आणि ७० वर्षांवरील सर्वांना २०२४ पासून मिळू लागलेले आयुष्मान भारत योजनेचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण यांची माहितीही इथेच द्यावी. अशा दिवशी व्याख्यान चाळीस मिनिटांत आटोपून निदान वीस मिनिटे प्रश्नांसाठी ठेवावीत आणि क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावेत.

ऋतू, वेळ आणि बारा महिने

ठिकाण तेच असले तरी वेळ ऋतूप्रमाणे बदलावी लागते. चैत्र-वैशाखात संध्याकाळी सहाच्या आत माणसे घराबाहेर पडू शकत नाहीत. थंडीत साडेचारला सुरुवात करून अंधार पडायच्या आत सगळे घरी पोहोचलेले बरे. पावसाळ्यात ओल्या फरशीवर पाय घसरण्याची भीती असते, तेव्हा दारात पायपुसणी आणि छत्र्यांसाठी बादली हासुद्धा आखणीचाच भाग.

एप्रिलमध्ये पन्हे आणि आंब्याची डाळ यांच्या जोडीने फुले-आंबेडकरांवरचे व्याख्यान शोभते. मे महिन्यात कोणी मुलांकडे जाते, कोणाच्या घरी नातवंडे येतात. तेव्हा व्याख्याने कमी करून आजी-आजोबा आणि नातवंडांचा एकत्र मेळावा घ्यावा. लगोरी, सागरगोटे, विटी-दांडू शिकवायला याहून चांगले शिक्षक मिळणार नाहीत. वसंत व्याख्यानमालेची परंपरा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केली. जिथे गावात अशी व्याख्यानमाला असते, तिथे त्या आठवड्यात स्वतःचा कार्यक्रम न ठेवता मिळून ऐकायला जाणे श्रेयस्कर. जूनमध्ये योगदिन येतोच. शिवाय १५ जून हा ज्येष्ठांवरील अत्याचारांविषयी जागृतीचा दिवस. त्या निमित्ताने आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या कायद्याची ओळख करून द्यावी. आषाढात एक संध्याकाळ अभंगांची. श्रावणात उपासाचे वार पाहून अल्पोपाहार ठरवावा.

गणपतीच्या दहा दिवसांत संघ बंद ठेवला तरी कोणाची तक्रार नसते. पितृपक्षात समारंभ नकोसे वाटतात, पण वर्षभरात गेलेल्या सभासदांच्या आठवणी सांगायला तोच काळ योग्य. २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो. विस्मरणाच्या आजाराबद्दल आणि अशा माणसाला सांभाळणाऱ्यांच्या थकव्याबद्दल तेव्हा बोलावे. ऑक्टोबर भरगच्च असतो : ज्येष्ठ नागरिक दिन, भोंडला, वाचन प्रेरणा दिन आणि कोजागिरी. हे चारही मोठे करू नयेत. एक मोठा, बाकीचे घरगुती. नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनधारकांचे हयातीचे दाखले असतात. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील निवृत्तांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला कसा द्यायचा, हे संघातच एक दुपार बसून करून दिले, तर पंचवीस-तीस जणांची बँकेतली रांग वाचते.

डिसेंबर-जानेवारी हा सहलींचा, हुरड्याचा आणि वर्धापन दिनाचा हंगाम. संक्रांतीच्या समारंभाचा इथे वेगळा विचार करायला हवा. ज्येष्ठ संघातल्या कितीतरी स्त्रियांचे पती हयात नसतात. रूढ हळदीकुंकू ठेवले, की त्या त्या दिवशी घरीच थांबतात आणि कारण कोणी विचारत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो इतर गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला. संघाने तर हे सहज करावे : तिळगूळ सर्वांना, वाण सर्व स्त्रियांना, आणि निमंत्रणातच तसे स्पष्ट लिहावे. फेब्रुवारीत मराठी भाषा गौरव दिनी सभासदांचे काव्यवाचन, मार्चमध्ये महिला दिन, होळी आणि मग हिशेबाची आवराआवर.

वर्गणीत बसणारे वर्ष

तक्ता सुंदर झाला आणि पैसे जानेवारीतच संपले, असे होऊ नये म्हणून तारखांच्या शेजारीच आकडे लिहावेत. समजा, संघाचे १२० सभासद आहेत आणि वर्गणी वर्षाला ६०० रुपये आहे. जमा होतात ७२,००० रुपये. सभागृहाचे भाडे महिना १,५०० प्रमाणे १८,०००. वीज, स्वच्छता आणि वर्तमानपत्रे १२,०००. छपाई आणि लेखापरीक्षण ६,०००. उरतात ३६,०००. त्यातले १०,००० वर्धापन दिनाला, प्रत्येकी ४,००० ज्येष्ठ नागरिक दिनाला आणि कोजागिरीला, १२,००० बारा व्याख्यानांच्या मानधनाला. शेवटी ६,००० हाताशी राहतात. त्यांना वर्षअखेरीपर्यंत हात लावू नये.

सहल आणि हुरडा यांचा खर्च या वर्गणीतून करू नये. जे जातील त्यांनी तो वाटून घ्यावा. नाहीतर घरी खिळलेल्या सभासदाच्या पैशांवर चालता-फिरता सभासद फिरून येतो आणि हे त्याच्या लक्षातही येत नाही. एखाद्याला परवडत नसेल, तर खजिनदाराने कोणालाही कळू न देता त्याची सोय करावी.

एक सहल, जवळून

पाचव्या शनिवारची एक सहल कशी आखावी, हे पुण्याहून वाईला जाण्याच्या उदाहरणावरून पाहता येईल. बसने सव्वादोन-अडीच तासांचे अंतर. सकाळी सातला निघावे, सव्वा तासाने पहिला थांबा घ्यावा. थांबा चहासाठी असतो असे सगळे म्हणतात, पण तो मुख्यतः स्वच्छतागृहासाठी असतो. म्हणून ते कमोडचे आणि स्वच्छ आहे का, हे आधी कोणीतरी जाऊन पाहून आलेले असावे. वाईत कृष्णेकाठचा ढोल्या गणपती, मग मराठी विश्वकोशाचे काम जिथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले ते कार्यालय, आणि जेवणानंतर जवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा.

मेणवलीच्या घाटावर वसईच्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे. घाटाला पायऱ्या आहेत. ज्यांना त्या उतरवत नाहीत, त्यांना "तुम्ही गाडीतच बसा" असे सांगितले, की त्यांची सहल तिथेच संपते. त्याऐवजी ज्याला इतिहास ठाऊक आहे अशा सभासदाला त्यांच्यासोबत वाड्यात ठेवावे आणि घंटेची, घाटाची गोष्ट त्यांना तिथे बसून सांगावी. गाडीत प्रत्येकाच्या गळ्यात नाव, औषधे आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी असावी, दुपारच्या गोळ्यांची आठवण करून देणारा एक जण असावा आणि अंधार पडायच्या आत परतीचा प्रवास संपावा. थोडक्या मंडळींची छोटी सहल असेल, तर एसटीच्या नेहमीच्या गाडीनेही जाता येते. राज्याच्या हद्दीत ६५ ते ७५ वर्षांच्या प्रवाशांना निम्मे भाडे पडते आणि ७५ वर्षांवरील प्रवाशांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे.

कामे वाटणे

बहुतेक संघ दोन-तीन उत्साही माणसांच्या खांद्यावर उभे असतात आणि त्यांच्यापैकी एक आजारी पडला, की सगळे थांबते. म्हणून तक्त्यात प्रत्येक कार्यक्रमापुढे दोन नावे असावीत : एक जबाबदार आणि एक मदतनीस. पुढच्या वेळी मदतनीस जबाबदार होतो आणि त्याच्या हाताखाली नवा माणूस येतो. सूत्रसंचालन, पाहुण्यांची ओळख, आभार, खुर्च्या, चहा, छायाचित्रे, हजेरी अशी कामे सुटी करून वाटली, की न बोलणाऱ्या माणसालाही आपले काम सापडते. पाहुण्यांना रिक्षातून आणायला जाणाऱ्याला त्यांच्याशी पंधरा मिनिटे निवांत बोलायला मिळते. सभेत कधी तोंड न उघडणारा सभासद त्या पंधरा मिनिटांसाठी दर महिन्याची वाट पाहू लागतो.

न येऊ शकणाऱ्यांचा वाटाही तक्त्यातच लिहिलेला हवा. अंथरुणाला खिळलेले, दृष्टी गेलेले किंवा आजारी जोडीदाराला सोडून बाहेर पडू न शकणारे सभासद प्रत्येक संघात असतात. महिन्यातला एक ठरलेला दिवस त्यांच्या घरी जाण्यासाठी राखावा. दोघांनी जावे, वीस-पंचवीस मिनिटे बसावे, झालेल्या कार्यक्रमाची हकिगत सांगावी, एखादे पुस्तक द्यावे, मागचे परत आणावे. वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत हा दिवस व्याख्यानाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावा.

सूचना, पर्याय आणि आढावा

छापील पत्रिका मार्चअखेर प्रत्येकाच्या हाती पडावी. अक्षर मोठे, पान एकच, देव्हाऱ्याशेजारी किंवा फ्रीजवर लावता येईल असे. व्हॉट्सअॅपवरची आठवण दोन दिवस आधी जावी. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांना फोन करण्यासाठी दहा-दहा नावांच्या साखळ्या कराव्यात. वक्ता ऐनवेळी आला नाही, तर काय करायचे हेही ठरलेले असावे. तीन-चार सभासदांचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे कार्यक्रम नेहमी तयार ठेवावेत. तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेल्या सभासदाचा सातबारा अशा वेळी उपयोगी पडतो.

प्रत्येक कार्यक्रमानंतर नोंदवहीत पाच ओळी लिहाव्यात : हजेरी किती, त्यात स्त्रिया किती, खर्च किती, काय जमले, काय राहिले. दर तीन महिन्यांनी कार्यकारिणीने ही वही वाचावी. फक्त हजेरी मोजून निर्णय घेऊ नये. गाण्याला ऐंशी जण येतात आणि मृत्युपत्राच्या माहितीला तीस. म्हणून दुसरा कार्यक्रम बंद करणे शहाणपणाचे नाही. त्याऐवजी सभासदांच्या यादीवरून बोट फिरवावे आणि गेल्या तीन महिन्यांत कोण एकदाही आले नाही, कोणाच्या नावापुढे एकही काम नाही, हे पाहावे. त्या नावांपासून पुढच्या तीन महिन्यांची आखणी सुरू करावी.